आबांची शेवटची चाल

"आधी उजवा हात, आबा. मग डावा."

लुळा पडलेला उजवा हात मी कोटाच्या बाहीत सरकवला आणि मग दुसरी बाही त्यांच्यापुढं धरली. आबा पलंगाच्या कडेवर बसून समोरच्या आरशात बघत होते. बंद गळ्याचा तो पांढरा कोट एकेकाळी त्यांच्या अंगावर कसा ताठ बसायचा. आता खांद्यावरनं ओघळत होता.

"सैल होतोय का?"

"हो."

"मागनं टाचणी लावू?"

"हो."

"की जायलाच नको आज?"

"हो," आबा म्हणाले आणि आरशातनंच माझ्याकडं बघत राहिले.

अर्धांगाचा झटका येऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर बोलणंही गेलं. हाताशी राहिला तो एकच शब्द. पाणी हवं का विचारलं तरी हो, नको का विचारलं तरी हो. डॉक्टर म्हणाले होते, "त्यांना समजतं सगळं. तुमच्या-माझ्याइतकं समजतं. फक्त शब्द सापडत नाहीत." म्हणून माझ्या नवऱ्यानं, रणजितनं, जेव्हा विचारलं, "आबा, रसिक मंडळ तुमचा अमृतमहोत्सव करायचा म्हणतंय, नाट्यगृहात. जायचं ना?" तेव्हा त्यांनी हो म्हटलं, आणि रणजितनं ते तिथल्या तिथं फोनवर मंडळाला कळवून टाकलं.

आबा म्हणजे संगीतकार रत्नाकर निगवेकर. माझे सासरे. त्या वेळी कोल्हापुरात हे नाव कुणाला सांगावं लागत नव्हतं. पानपट्टीवर रेडिओ चालू असला आणि त्यांचं गाणं लागलं, तर पानवाला चुना लावायचा थांबायचा. चित्रपट बंद पडले, स्टुडिओच्या जागी इमारती उठल्या, पण गाणी राहिली. आणि गाण्यांबरोबर मंडळ राहिलं.

मंडळाचे अध्यक्ष श्रीपाद आजरेकर. त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, पुढं त्याचं टीव्ही-फ्रिजचं झालं. आबांची एकूण एक रेकॉर्ड त्यांच्याकडं होती. दर रविवारी सकाळी ते चार-पाच मित्रांना घेऊन आमच्याकडं यायचे. येताना रेकॉर्ड प्लेअर स्वतःच्या हातांनी उचलून आणायचे. आबांची आरामखुर्ची मध्ये ओढायची, भोवती सतरंजीवर हे सगळे बसायचे, आणि मग एकेक गाणं, एकेक प्रसंगाचं संगीत पुन्हा पुन्हा ऐकायचं. एकदा आजरेकरांनी विचारलं होतं, "आबा, म्हातारी मरते त्या प्रसंगाला तुम्ही एकही वाद्य वाजवलं नाही. नुसता रहाटाचा आवाज ठेवलात. कसं सुचलं हो?"

"हो," आबा म्हणाले.

सगळे प्रेमानं हसले. आबाही अर्ध्या तोंडानं हसले.

ती माणसं वाईट नव्हती, हे मला आधीच सांगून टाकलं पाहिजे.

आता आमची भाषा सांगते, म्हणजे पुढचं कळेल. झटक्यानंतरचे पहिले महिने फार हालाचे गेले. त्यांना काही हवं असायचं आणि मला उमगायचं नाही. मी पाणी घेऊन जायची, त्यांना पंखा हवा असायचा. पंखा लावायची, त्यांना कूस बदलायची असायची. ते चिडायचे, पालथी मूठ गादीवर आपटायचे. रणजित तेव्हा साखर कारखान्यात नोकरीला. सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा. दिवसभर घरात मी आणि आबा.

एका दुपारी मी भाकऱ्या थापत होते आणि आतनं गुणगुणल्याचा आवाज आला. बोलता येत नव्हतं, पण सूर स्वच्छ होता. तीन सूर वर चढले आणि शेवटचा टपकन सुटला, थेंब सुटावा तसा. मी तशीच पिठाच्या हातांनी दारात गेले. आबांनी मान उचलून तांब्याकडं बघितलं आणि पुन्हा तेच गुणगुणले.

"पाणी?" मी म्हटलं.

"हो!" असा हो त्यांनी झटक्यानंतर एकदाही म्हटला नव्हता.

मग चारेक दिवसांत त्यांनी एकेक चाल बांधली. पंख्याची गोल गोल फिरणारी. कुशीवर वळवण्याची जड, ओढत नेलेली. उजेड कर म्हणायला एक, पुरे म्हणायला एक. लघवीला न्यायची चाल बांधली तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडं बघून एक डोळा बारीक केला. वरनं चार सूर खाली खाली उतरत यायचे आणि शेवटचा लांबत लांबत जायचा. मला अर्थ कळला तेव्हा मी पदर तोंडाला लावून हसले. सासऱ्यासमोर सुनेनं हसावं अशी ती गोष्ट नव्हती, पण आबाच इतके हसत होते की डोळ्यांतनं पाणी आलं. तीस-एक चित्रपटांना संगीत दिलेला माणूस. घरातल्या एका बाईसाठी तो पुन्हा कामाला लागला होता.

रणजितला मी सांगितलं होतं. म्हटलं, "आबा सुरात बोलतात."

"गुणगुणतात गं," तो म्हणाला. "जन्माची सवय आहे ती."

तो असं का म्हणाला ते मला माहीत होतं. विशीत असताना त्यानं एक चाल लावली होती. धीर करून आबांना ऐकवली. आबांनी पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाले, "नोकरी बघ." एवढंच. पुढं बापलेकांत संगीताचा विषय कधी निघाला नाही. आबांनी घरात कुणाशी सुरात बोलावं, तेही सुनेशी, हे त्याला मानवणार नव्हतं. मीही मग पुन्हा तो विषय काढला नाही.

तर त्या संध्याकाळी कोट घालून झाला. खाली आजरेकरांनी पाठवलेली गाडी उभी होती. रणजित नवा सदरा घालून आत आला, आबांच्या पाया पडला.

"अहो, तासाभरात आटपायचं हं," मी म्हटलं. "त्यांना फार वेळ बसवत नाही. आणि पेटी नको. आजरेकरांना तसं सांगितलंय ना?"

"सांगितलंय गं. तू उगाच घाबरतेस."

निघताना मी आबांना मोरीत नेऊन आणलं. गाडीत ते शांत होते. नाट्यगृहाच्या दारात सनई-चौघडा होता. त्यांना बघून बाहेरची गर्दी आपोआप दुभंगली, बायकांनी डोक्यावरनं पदर घेतले. एक म्हातारा पुढं येऊन व्हीलचेअरच्या चाकालाच हात लावून नमस्कार करून गेला. आबांच्या चेहऱ्यावर तेव्हा खरोखर उजेड आला होता. मला वाटलं, बरं झालं आलो.

पहिली गाणी छान झाली. आबा स्टेजवर मध्यभागी, अंगावर रेशमी शाल, डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांडीवर ताल धरत होती. मग भाषणं सुरू झाली. आमदार उशिरा आले, ते आल्यावर पुन्हा दीपप्रज्वलन, पुन्हा हार. मध्ये कुणीतरी आबांना मोठा पेला भरून मसाला दूध पाजलं. मी पहिल्या रांगेतनं हातानं खुणावत होते, नको नको. त्या बाईनं मला हात जोडले आणि पेला रिकामा करूनच बाजूला झाली.

आमदार बोलत असताना मी आबांच्या ओठांकडं बघत होते. ओठ हलले. माईक त्यांच्यापासून लांब होता, ऐकू येत नव्हतं. पण हनुवटी कशी पायरी पायरीनं खाली येत होती ते मला दिसलं. चार पायऱ्या. शेवटची लांबलेली.

मी उठले आणि बाजूच्या दारानं स्टेजच्या मागं गेले. पडद्याआड बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता उभा होता.

"वहिनी, आता नाही जाता येणार. साहेब बोलताहेत."

"मला आबांना आत न्यायचंय."

"पाच मिनिटं. भाषण संपतंच आलंय."

"अहो, त्यांना..." मला त्या परक्या माणसासमोर शब्द जड झाला. मग तोही म्हटला. "लघवीला न्यायचंय त्यांना."

तो वरमला. "मी सांगतो," म्हणाला आणि पलीकडच्या बाजूला पळाला. तो कुणाला काय सांगायला गेला देव जाणे. भाषण संपलं, टाळ्या झाल्या, आणि मी पुढं पाऊल टाकणार तेवढ्यात निवेदकानं माईक हातात घेतला. "रसिकहो, आज एक अपूर्व योग आहे. आबांनी ज्या पेटीवर आपल्याला वेड लावलं, ती त्यांची पेटी आज इथं आणलेली आहे. आबा, दोन सूर ऐकवाल ना?"

"हो," आबा म्हणाले. त्यांच्या तोंडाशी माईक धरलेला होता. सगळ्या नाट्यगृहानं तो हो ऐकला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

पेटी बारक्या टेबलावर ठेवून त्यांच्यापुढं सरकवली. भाता मारायला रणजित आला. घरातनं ती पेटी कधी नेली, ते मला माहीतही नव्हतं. माझ्या दंडाला कुणीतरी धरलं होतं. मंडळातलीच एक बाई होती. "थांबा वहिनी, बघा तरी. त्यांना सुचतंय."

आबांनी डावा हात पट्ट्यांवर ठेवला. मान वळवून पडद्याआड मी उभी होते तिकडं बघितलं. आणि वाजवलं.

वरनं खाली उतरणारे चार सूर. शेवटचा लांबलेला.

नाट्यगृह इतकं गप्प झालं की भात्याचा श्वास ऐकू यायला लागला. आबांनी पुन्हा वाजवलं, माझ्याकडं बघत. मग पुन्हा, जोरात. त्यांचं कपाळ घामानं भिजलं होतं. रणजितच्या डोळ्यांतनं धारा लागल्या होत्या, पण भाता थांबत नव्हता. चौथ्यांदा वाजवताना शेवटच्या सुरावर आबांचं बोट दाबलेलंच राहिलं, राहिलंच. आणि मागच्या रांगेतनं कुणीतरी खुदकन हसलं. एकच आवाज. पण मला तो ऐकू आला.

त्याच क्षणी पहिल्या रांगेत आजरेकर उठून उभे राहिले आणि त्यांनी टाळी वाजवली. एकट्यानं. मग शेजारचे उठले. मग सगळं नाट्यगृह उठलं.

माझा दंड सुटला तशी मी धावले. खुर्चीजवळ पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. पांढऱ्या विजारीवर डाग पसरत होता, पायांशी फळीवर ओल होती. मी त्यांच्या खांद्यावरची रेशमी शाल ओढून मांडीवर पसरली, खाली पायांपर्यंत. आबांचा हात अजून पट्टीवर होता. मी तो उचलून माझ्या हातात घेतला. समोर माणसं टाळ्या वाजवत होती, काही रडत होती. आबा त्यांच्याकडं बघत होते. एकेका चेहऱ्याकडं बघावं तसं.

तेवढ्यात फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तो आला. खाली लिहिलं होतं, सुनेचं अगत्य.

घरी परतताना गाडीत रणजित बोलायचा थांबत नव्हता. "ऐकलंस? माला, ऐकलंस? वर्षभरानं पेटीला हात लावला आणि थेट नवी चाल! मी भाता मारत होतो आणि माझ्याकडं..."

आबांना पुसून, कपडे बदलून, झोपवून मी बाहेर आले आणि त्याला सांगितलं. हळू आवाजात, जमेल तितक्या सौम्य शब्दांत. चाल कशाची ते सांगितलं. भिजलेली विजार दाखवली.

त्यानं विजारीकडं बघितलं. "म्हातारं माणूस आहे. होतं असं. त्याचा चालीशी काय संबंध?"

"अहो, रोज दुपारी ते मला हेच..."

"तुला संगीतातलं काय कळतं?" तो म्हणाला. ओरडला नाही. बारा वर्षांच्या संसारात तो इतक्या परक्या आवाजात माझ्याशी कधी बोलला नव्हता. "माझा बाप माझ्या हातच्या भात्यावर वाजवून गेला. ते तू मला मोरीत नेऊन टाकणार?"

मी विजार भिजत घातली. त्यानंतर आमच्यात हा विषय निघाला नाही.

पावसाळा सरता सरता आबा गेले.

पहिल्या पुण्यतिथीला रणजितनं त्या चार सुरांना व्हायोलिनची जोड दिली. निवेदक म्हणाला, आबांची शेवटची चाल. दुसऱ्या वर्षी त्यावर एका कवीनं शब्द बसवले, मावळतीच्या प्रार्थनेचे. त्याची कॅसेट निघाली. रणजितनं कारखान्यातनं लवकर निवृत्ती घेतली आणि 'संगीत संयोजक' असं कार्ड छापलं. गावोगाव कार्यक्रम व्हायला लागले. आबांच्या जुन्या गाण्यांना लोक यायचे, पण थांबायचे ते शेवटच्या चालीसाठी. दिवे मंद करायचे, पेटीवर एकटा रणजित. एका प्राध्यापकानं दिवाळी अंकात लेख लिहिला. त्या उतरत्या सुरांत कलावंतानं मृत्यूला दिलेला होकार आहे, आणि लांबवलेला शेवटचा सूर म्हणजे अनंताची वाट, असं त्यात होतं. रणजितनं तो लेख लॅमिनेट करून आबांच्या फोटोखाली लावला. रोज त्या खोलीत केर काढताना मी तो वाचायची.

मी काही बोलले नाही, त्याला दोन कारणं होती. एक रणजित. दुसरं म्हणजे, खरं सांगायचं तर आबांची विजार पुन्हा एकदा साऱ्या गावासमोर ओली करावी लागली असती.

मग बऱ्याच वर्षांनी बागेचं निघालं. तळ्याकाठी नवी बाग होणार होती, तिला आबांचं नाव देणार होते. मंडळानं सुचवलं की रोज संध्याकाळी दिवे लागताना बागेत कर्ण्यांवरनं शेवटची चाल वाजावी. रोज. कायम. रणजित पेढे घेऊन घरी आला. मी माझा पेढा तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आजरेकरांच्या दुकानात गेले. ते माळ्यावर रेकॉर्डी पुसत बसले होते. फार थकले होते, हात कापत होता, पण रेकॉर्ड कडेनंच धरायचे. मला बघून त्यांनी खुर्चीवरचं पुठ्ठ्याचं खोकं बाजूला केलं.

"या वहिनी. रणजित नाही आला?"

"काका, बागेत ती चाल लावू नका."

"का हो?"

"ती चाल नव्हती."

त्यांनी हातातली रेकॉर्ड पाकिटात सरकवली. फडकं घडी करून मांडीवर ठेवलं.

"माहीत आहे मला," ते म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"दर रविवारी येत होतो मी तुमच्याकडं. आबा तसे चार सूर गुणगुणायचे, तुम्ही आतनं हात पुसत यायचा आणि त्यांना घेऊन जायचा. आमच्यातले कोण कोण 'वा' म्हणायचे. मी ओळखलं होतं. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा वाजवलं, तेव्हाच ओळखलं."

"आणि टाळी वाजवलीत?"

"मागं कुणीतरी हसलं होतं, वहिनी. तुम्ही ऐकलं की नाही ठाऊक नाही. सभागृहाची जात मला माहीत आहे. एक हसला की सगळे हसतात. आबांवर हसले असते. मला दुसरं काही सुचलं नाही. झाकायला गेलो मी."

इतकी वर्षं मी ज्या माणसावर मनात दात धरून होते, त्यानंही तेच केलं होतं. माझ्या हातात शाल होती, त्याच्या हातात टाळी.

"मग पुढच्या वर्षी का वाजवू दिलीत?"

"रणजित ती चाल टेप करून घेऊन इथंच आला होता. तुम्ही बसलाय तिथं बसला. म्हणाला, काका, बघा बरं, आबांना चाललं असतं का. आता त्याला काय सांगू?"

"आणि त्याच्या पुढच्या वर्षी?"

आजरेकरांनी मांडीवरचं फडकं उलगडून पुन्हा घडी केलं. "खरं सांगू? पुढं पुढं मलाही आवडायला लागली."

खाली दुकानातनं गिऱ्हाइकाचा आवाज येत होता. मला एकदम थकल्यासारखं झालं. कुणालाही न सांगितलेली एक गोष्ट माझ्याकडं होती. ती सांगायची म्हणून मी आले नव्हते. पण ते आवडायला लागली म्हणाले आणि मला आवरलं नाही.

"काका, त्या दिवसानंतर आबांनी एकही सूर काढला नाही."

"म्हणजे?"

"मुका झाला तो माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाट बघितली. दुपारपर्यंत बघितली. मग मीच गुणगुणून दाखवलं, पाण्याचं, पंख्याचं. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं."

"दुसरा झटका आला होता की काय?"

"कुठला झटका? डॉक्टरांनी तपासलं. गळा धड होता, सगळं धड होतं. गाणं त्यांनी सोडलं."

"पाण्यासाठीसुद्धा नाही?"

"तहानेनं ओठ सुकले तरी नाही. मी अंदाजानं पाजायची. शेवटचा सगळा पावसाळा मी अंदाजानं काढला." माझा आवाज चढला होता. "तुम्ही येत होता की तेव्हाही. दर रविवारी त्यांच्या भोवती बसत होता. ते गुणगुणत नाहीत हे तुमच्या एकाच्याही लक्षात आलं नाही?"

आजरेकरांनी माझ्याकडं बघितलं. म्हाताऱ्या माणसाचा चेहरा असा उघडा पडलेला बघवत नाही.

"आम्ही त्यांची गाणी ऐकत होतो, वहिनी," ते म्हणाले.

त्यांनी पुढच्या बैठकीत विरोध केला, असं रणजितकडनंच कळलं. बागेत काही वाजवू नये म्हणाले. कारण विचारलं तर सांगेनात. उगाच हट्टाला पेटले, असं सगळ्यांचं मत झालं. वयोमानानं असं होतं म्हणून मंडळानं त्यांना सल्लागार केलं आणि अध्यक्षपद रणजितकडं आलं. त्यानंतर ते आमच्याकडं कधी आले नाहीत. बागेच्या उद्घाटनाला आले नाहीत. काही महिन्यांनी त्यांच्या मुलानं सांगितलं की वडिलांनी माळ्याला कुलूप घातलंय, रेकॉर्ड ऐकायचं बंद केलंय. मी भेटायला जायचं म्हणत राहिले, पण जाऊन बोलणार काय होते? पुढं ते गेल्याचंच कळलं.

उद्घाटनाच्या दिवशी तळ्याकाठी जत्रेसारखी गर्दी होती. आबांचा अर्धपुतळा केला होता, त्यात त्यांचे दोन्ही खांदे सारखे होते. दिवे लागायची वेळ झाली. महापौरांनी बटण दाबलं आणि चारी बाजूंच्या खांबांवरनं ते चार सूर खाली उतरले. व्हायोलिनं होती, बासरी होती, मागं बायकांचा समूहस्वर होता. लहान मुलं घसरगुंडीवरनं उतरायची थांबली. एक बाई माझ्याजवळ येऊन म्हणाली, "किती शांत वाटतं हो ऐकून. भाग्यवान तुम्ही, प्रत्यक्ष ऐकलीत." आणि ती माझ्या पाया पडली.

रणजित माझ्या शेजारी उभा होता. केस पांढरे झाले होते त्याचे, अंगात आबांच्यासारखाच बंद गळ्याचा कोट होता. चाल संपेपर्यंत त्यानं डोळे मिटून ठेवले. मग कितीतरी वर्षांनी माझा हात हातात घेतला. त्याचा हात गरम होता.

"माला," तो म्हणाला, "आबांना ऐकू जात असेल का गं?"

त्याला उत्तर हवं होतं. तो माझ्याकडंच बघत होता.

"कान त्यांचे शेवटपर्यंत चांगले होते," मी म्हटलं.